कल्चरमध्ये सगळे ‘आर’ आले, आता नॅनो चांदीची पट्टी लावू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६१ वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेह, अजूनही रोज शेतात जातात. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर, सात आठवड्यांपासून रुपयाएवढी जखम आहे. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू) निघाला आणि रिपोर्टवर बऱ्याच औषधांपुढे ‘आर’, म्हणजे ‘रेझिस्टंट’, औषध लागू पडत नाही, असं आलंय. मेडिकलवाल्याने नॅनो सिल्व्हरची पट्टी दाखवली आणि ‘हिच्यापुढे कुठलाच जंतू टिकत नाही’ असं सांगितलं. तर आता गोळ्या बंद करून ही पट्टी लावली तर चालेल का?

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. चांदीची पट्टी लावायला माझी हरकत नसेलही, पण ती लावायची की नाही आणि किती दिवस, हे कल्चरच्या कागदावरून ठरत नाही, पाय बघून ठरतं. तो पाय मी बघितलेला नाही. मी सर्जन आहे, गेली बावीस वर्षं एका जिल्ह्याच्या गावात जखमांची ओपीडी चालवतो. त्यातून जे कळलं ते लिहितोय. बाबांचा पाय हातात घेऊन तुमचे डॉक्टर काही वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न गुंतलेत. जखमेवर जंतू आहेत का? त्या जंतूंनी पायाला संसर्ग केलाय का? आणि जखम सात आठवडे भरत का नाही? रिपोर्टने फक्त पहिल्याचं उत्तर दिलंय. मेडिकलवाल्याने त्या पहिल्या उत्तरावरच औषध विकलंय. बाबांचा पाय मात्र तिसऱ्या प्रश्नावर अडकलेला असण्याची शक्यता जास्त आहे.

पहिला प्रश्न सोपा आहे. सात आठवडे उघडी असलेली कुठलीही जखम कल्चरला पाठवा, काही ना काही उगवणारच. आपल्या धडधाकट कातडीवरही स्टॅफिलोकोकस सुखाने नांदत असतो. त्यातून स्वॅब कसा घेतला यावरही बरंच अवलंबून असतं. पट्टी काढली, वरच्या पिवळ्या थरावर कापूस फिरवला आणि नळीत घातला, अशा स्वॅबमधून उंबऱ्यावर कोण बसलंय तेवढंच कळतं, घरात कोण शिरलंय ते कळत नाही. नीट घ्यायचा तर आधी जखम सलाइनने धुवायची, मेलेला थर खरवडून काढायचा, मग तळाच्या जिवंत भागावर साधारण एक चौरस सेंटिमीटर जागेत दाब देऊन स्वॅब फिरवायचा, म्हणजे आतला द्राव वर येतो. त्याहून उत्तम म्हणजे तळाचा छोटासा तुकडाच पाठवायचा. तुमचा स्वॅब कसा घेतला होता, हे आठवून बघा.

दुसरा प्रश्न, संसर्ग आहे का, याचं उत्तर प्रयोगशाळा देत नाही, डोळे आणि हात देतात. जखमेच्या कडेने अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त लाली, सूज किंवा टणकपणा, हाताला लागणारी ऊब, दुखणं, पू: यातली किमान दोन लक्षणं असतील तर संसर्ग धरायचा. लाली दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली तर प्रकरण मध्यम. ताप, थंडी, नाडी जलद, साखर अचानक तीनशे-चारशेच्या घरात, असं काही असेल तर गंभीर, आणि मग हे उत्तर वाचत बसू नका, आजच दाखल करा. मधुमेह्याला ताप येईलच असंही नाही. ‘कालपर्यंत साखर बरी होती, आज इन्सुलिन वाढवूनही उतरत नाही’ हे एवढंच लक्षण घेऊन आलेले आणि पायात वाटीभर पू निघालेले रुग्ण मी पाहिलेत.

आता गंमत बघा. यातलं एकही लक्षण नसेल, तर कल्चरमध्ये एमआरएसए आला असला तरी अँटिबायोटिकच द्यायचं नसतं. मधुमेही पायासाठी २०२३ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. म्हणजे ‘गोळ्या बंद करू का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ही असू शकतं, पण ते चांदीमुळे नव्हे, संसर्ग नाही म्हणून. हे ठरवायचा अधिकार पाय पाहणाऱ्याचा.

रिपोर्टवरच्या ‘आर’बद्दलही थोडं सांगतो, कारण त्या अक्षराने माणसं फार घाबरतात. मेथिसिलिन हे औषध १९५९ साली आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस सापडलाही. तोच हा एमआरएसए. आता मेथिसिलिन कुणी वापरत नाही, नाव मात्र चिकटून राहिलं. तुमच्या रिपोर्टवर सेफॉक्सिटिन या औषधापुढे ‘आर’ असेल, त्यावरून हे ओळखतात. एकदा ते ‘आर’ आलं की पेनिसिलिनच्या घराण्यातली आणि सेफॅलोस्पोरिनची जवळजवळ सगळी औषधं एकदम बाद होतात. त्यामुळे ‘आर’ची रांग लांबलचक दिसते, पण ती एकाच दोषाची पुनरावृत्ती असते. रांगेच्या खाली बघा. डॉक्सिसायक्लिन, कोट्रायमॉक्साझोल, क्लिंडामायसिन, लिनेझोलिड, व्हॅन्कोमायसिन यांतल्या एक-दोनांपुढे तरी बहुतेक वेळा ‘एस’, म्हणजे औषध लागू पडतं, असं असतं. पहिली दोन तर जुनी आणि स्वस्त. महागडी इंजेक्शनं संपली की मगच त्यांची आठवण व्हावी असं काही नाही.

आणखी एक. ‘आर’ ठरवताना हिशोब धरलेला असतो तो गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर शरीरात जेवढं औषध पोचू शकतं त्याचा. थेट जखमेवर लावलेल्या गोष्टीला तो हिशोब लागू नाही. चांदीची गोष्ट इथे सुरू होते.

जखमांवर चांदी ही नवी नाही. १८८१ साली जर्मनीत क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायची पद्धत प्रसिद्ध केली. भाजलेल्या जखमांवरचं ते पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, १९६८ पासूनचं. नॅनोने भर घातली ती पृष्ठभागाची. चांदीचा एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, वजन साधारण साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळाभर. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. आता तोच ठोकळा दहा नॅनोमीटरच्या कणांत चिरला तर सगळ्या कणांचं मिळून क्षेत्रफळ होतं ६०० चौरस मीटर. तुम्ही शेतकरी घरातले, तुमच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ सहा गुंठे. तोळाभर चांदी सहा गुंठ्यांवर पसरली की ओलाव्यात तिच्यातून चांदीचे आयन भराभर आणि बराच काळ सुटत राहतात. मारणारे असतात ते हे आयन. स्टॅफिलोकोकसचा एक जंतू साधारण हजार नॅनोमीटरचा, म्हणजे या कणांच्या मानाने डोंगरच.

अँटिबायोटिक बहुधा जंतूच्या एकाच कुलपाला लावायची किल्ली असते. जंतूने कुलूप बदललं की संपलं, एमआरएसएने नेमकं हेच केलंय. चांदीचे आयन मात्र एका वेळी बऱ्याच ठिकाणी घुसतात: गंधक असलेल्या प्रथिनांना चिकटतात, जंतूचं आवरण फोडतात, श्वसनाची यंत्रणा बंद पाडतात, डीएनएला अडवतात. त्यामुळे जंतू एमआरएसए आहे की साधा, याचं चांदीला फारसं सोयरसुतक नसतं. मेडिकलवाला म्हणाला ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बरंचसं खरं आहे.

पण बाबांचा पाय म्हणजे बशी नव्हे. जखमेतून पाझरणाऱ्या द्रावात प्रथिनं आणि क्लोराइड भरपूर, दोन्ही चांदीला धरून निकामी करतात. जुन्या जखमेतले जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर विणून त्यात बसतात, बायोफिल्म म्हणतात त्याला. वर पिवळा मेलेला थर असेल तर चांदी त्या थरावरच खर्ची पडते. आणि काहीही झालं तरी ती पृष्ठभागावरचंच काम करते. कातडीखाली पसरलेल्या लालीपर्यंत, स्नायूंच्या आवरणापर्यंत, हाडापर्यंत ती जात नाही. म्हणूनच संसर्ग असेल तर पट्टी गोळीची जागा घेऊ शकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणायला आवडलं असतं. दहा-बारा वर्षांपूर्वी ऊसतोडणीला जाणारे एक काका आले होते. पाच आठवडे चांदीची पट्टी चालू होती, दर तीन दिवसांनी बदलत होते, मुकादमाकडून उचल घेऊन खर्च चाललेला. कल्चर एमआरएसए. पट्टी मीच लिहून दिलेली. पाचव्या आठवड्यात चिमट्याने तळ जरा जास्त चाचपला आणि टोकाला काहीतरी टणक लागलं. हाड वाटलं. काढलं तर बाभळीचा काटा, दीड सेंटिमीटरचा. पायाला संवेदनाच नव्हती, तो रुतला कधी हे त्यांना कळलंही नव्हतं. काटा काढल्यावर साध्या पट्टीवर जखम तीन आठवड्यांत भरली. पाच आठवड्यांचे ते पैसे मला अजून आठवतात.

आता अभ्यास काय सांगतात. ब्रिटनमध्ये ‘व्हल्कन’ नावाची चाचणी झाली, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पायाच्या नीलाव्रणाचे (शिरांत रक्त तुंबून होणाऱ्या जखमांचे) २१३ रुग्ण, निम्म्यांना चांदीच्या पट्ट्या, निम्म्यांना साध्या न चिकटणाऱ्या. बारा आठवड्यांनी जखमा भरण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता, खर्चात होता. २०१० मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने २६ चाचण्या एकत्र तपासल्या आणि चांदीने जखम लवकर भरते किंवा संसर्ग टळतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. वर ज्या २०२३ च्या सूचना सांगितल्या, त्यांनीही मधुमेही पायाच्या संसर्गावर उपचार म्हणून चांदी वापरू नये असंच सुचवलंय. भाजलेल्या रुग्णांत चित्र जरा वेगळं आहे. तिथे नॅनो चांदीची पट्टी तीन-तीन दिवस राहते, रोज मलम खरवडून पुन्हा लावायच्या यातना वाचतात, तेवढ्यासाठीच मी ती आनंदाने वापरतो.

मग मी मधुमेही पायाला चांदी कधीच लावत नाही का? लावतो. जखम खरवडून स्वच्छ केली, रक्तपुरवठा ठीक आहे, हाड उघडं नाही, तरीही दोन-तीन दिवसांत वास येतो, पाझर वाढतो, तळाचं लालचुटुक मांस मळकट आणि हात लावताच रक्ताळणारं झालंय, पण आजूबाजूला लाली पसरलेली नाही. अशा अधल्यामधल्या अवस्थेत वरवरचा जंतुभार कमी करायला मी दोन आठवड्यांसाठी चांदी लावतो. दोन आठवडे हा आकडा माझा नाही, २०१२ सालच्या एका आंतरराष्ट्रीय सहमतीतला आहे, आणि तो मला अनुभवाने पटलाय. दोन आठवड्यांनी थांबून बघायचं. जखम सुधारून स्वच्छ झाली असेल तर चांदी बंद, साधी पट्टी चालू, कारण चांदी जंतूंबरोबर नव्याने येणाऱ्या आपल्या पेशींनाही थोडीफार मारते. सुधारणाच नसेल तर चांदी बंद आणि निदान पुन्हा पहिल्यापासून. ‘अजून एक डबा संपवून बघू’ हे कुठल्याच बाजूने बसत नाही.

लावायचीच ठरली तर काही बारकावे, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

नॅनो चांदीचा थर दिलेली जी पट्टी ओली करून लावायची असते, ती सलाइनने ओली करायची नाही. निर्जंतुक पाण्याने करायची. सुरुवातीला मी सलाइननेच करत होतो, सवयीने. आमच्या सिस्टरने एकदा वेष्टनावरची सूचना मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा कान धरले. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये सिल्व्हर नायट्रेटमध्ये मीठ घातल्यावर पांढरा साका बसायचा, आठवतं? तेच होतं इथे. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, चांदी जखमेवर पोचायच्या आधीच तिचं क्लोराइड होऊन बसतं. जखम सलाइनने धुतली असेल तर वरून निर्जंतुक पाण्याने एकदा धुऊन मग पट्टी लावा. खाली व्हॅसलिनची जाळी किंवा तेलकट मलम नको. मेलेला थर विरघळवणारं एन्झाइमवालं मलम चालू असेल तर तेही चांदीबरोबर नको. अल्जिनेट किंवा फोमच्या चांदीच्या पट्ट्यांची पद्धत वेगळी असते, म्हणून वेष्टन वाचा. एमआरआय करायचा असेल तर त्याआधी पट्टी काढायला सांगा.

आणि कातडी काळसर-करडी दिसली तर लगेच हबकू नका. ‘डॉक्टर, बाबांच्या पायाला गँगरीन झालं’ म्हणून मला रात्री अकराला फोन आलेले आहेत. चांदीचा डाग सपाट असतो, पट्टीच्या आकाराचा असतो, खालची कातडी उबदार आणि मऊ असते. बोटच थंड, काळंनिळं, सुरकुतलेलं दिसलं तर मात्र तो डाग नव्हे, तेव्हा रात्री अकरालाही फोन करा. चांदीचं पाणी प्यायला सांगणारेही हल्ली भेटतात. ते अजिबात नको, त्याने कायमचं अंग निळसर पडतं आणि जखमेला काडीचाही उपयोग नाही.

‘कुठलाच जंतू टिकत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. १९७५ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या बर्न वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला हा जंतू सापडल्याची नोंद आहे. तीन रुग्ण दगावले, वॉर्ड बंद करावा लागला. चांदीला पुरून उरणारी ही जनुकं जंतू एकमेकांना देऊ शकतात, आणि कधी कधी त्याच गठ्ठ्यात अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकंही असतात. आज हे सर्रास दिसत नाही. पण प्रत्येक खरचटलेल्या गुडघ्यावर नॅनो चांदी फवारत राहिलो तर ते दिसायला लागायला किती वेळ लागणार?

संशोधन थांबलेलं नाही, आणि आपल्याकडेही झालंय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते वीस नॅनोमीटरच्या चांदीच्या कणांचं जेल तयार केलं, त्यावरचा शोधनिबंध २००९ चा. झिंक ऑक्साइड, तांबं, सोनं, कायटोसान, दोन-तीन मिळून केलेले कण, असं रोज काहीतरी वाचायला मिळतं. ‘नॅनोकणांनी एमआरएसए ९९ टक्के मारला’ अशी बातमी दिसली की मी एवढंच बघतो, की तो बशीत मारला, उंदरात की माणसात. उंदराची जखम बरीचशी आकसून भरते, त्याच्या कातडीखाली तसा स्नायूच असतो. आपली तळव्याची जखम तळातून मांस भरत आणि कडेने कातडी सरकत भरते. त्यातून तो उंदीर तरुण, आदल्या दिवशी जखम केलेला, आणि तो पाच एकराच्या बांधावरून रोज चालत नाही.

स्वस्त पर्यायही विसरू नका. लातूरच्या डॉ. नागोबा यांनी दाद न देणाऱ्या जंतूंच्या जखमांवर ३ टक्के सायट्रिक ॲसिड वापरून बरंच काम केलंय. स्यूडोमोनास या जंतूचा तो हिरवट पाझर आणि गोडसर वास आला की मीही काही दिवस सौम्य ॲसेटिक ॲसिडची पट्टी लावतो. मुंबईत भाजलेल्या रुग्णांसाठी डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची, तर डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची पट्टी तपासून दाखवली, तीही आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून. घरी बटाट्याची सालं लावा असं मी म्हणत नाहीये, ती निर्जंतुक करून, विशिष्ट जखमांवर लावलेली असतात. सांगायचं एवढंच, की भारी किंमत म्हणजे भारी गुण असं पट्टीच्या बाबतीत धरता येत नाही.

आता तिसरा प्रश्न, जखम भरत का नाही. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाबांचा पाय वाचवायचा आहे तो इथे.

जखम अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर आहे असं तुम्ही लिहिलंय. चालताना शरीराचा सगळा भार शेवटी जिथून सुटतो ती ही जागा. मधुमेहाने संवेदना गेलेला माणूस तिथे जखम असूनही लंगडत नाही. तुम्ही-आम्ही खडा टोचला तरी पाय उचलतो, ते उचलत नाहीत. प्रत्येक पावलाला नवीन आलेलं कोवळं मांस चिरडलं जातं. दिवसाला पाच हजार पावलं धरा. यात उजव्या पायाची अडीच हजार. दर तीन दिवसांनी बदलल्या जाणाऱ्या पट्टीने या अडीच हजारांशी कसं झुंजायचं? ‘घरात फक्त संडासला उठतो’ असं सगळे सांगतात, पण पट्टीच्या तळाला चिकटलेली माती खरं सांगते.

म्हणून या जखमेला पहिलं औषध म्हणजे भार काढणं. सर्वांत चांगलं, गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला काढता न येणारं प्लास्टर. कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पायांवर वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी याच मार्गाने जखमा भरून दाखवल्या, मधुमेहाच्या जगाने ते नंतर उचललं. प्लास्टर कुणाला घालायचं नाही, तर ज्याला संसर्ग आणि रक्तपुरवठ्याची टंचाई दोन्ही आहेत, किंवा दोहोंपैकी एक जोरात आहे त्याला. ते जमत नसेल तर जखमेच्या जागी भोक ठेवून आजूबाजूला चिकटवलेलं जाड नमद्याचं पॅड, आणि कुबड्या किंवा वॉकर. एमसीआरची (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल जखम भरल्यानंतर पुन्हा होऊ नये म्हणून असते, भरण्यासाठी ती एकटी पुरत नाही.

दुसरं, रक्त. घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी डॉक्टरांनी बोटाने तपासली का? घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिन्या अरुंद आहेत. पण मधुमेहात वाहिन्यांच्या भिंतीत चुना साठून त्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. १.३ च्या वर आला तर खूश होऊ नका, पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा किंवा डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफीसारखी तपासणी) करा. अंगठ्याचा दाब ३० च्या खाली असेल तर ताबडतोब रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे. रक्तच पोचत नसेल तर गोळीतलं अँटिबायोटिकही तिथे पोचत नाही. मग ‘आर’ जंतूचा की वाहिनीचा, सांगा.

तिसरं, हाड. निर्जंतुक बोथट सळईने तळ चाचपून हाड लागतं का बघतात, अर्ध्या मिनिटाचं काम. एक्स-रे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चकवू शकतो, पण तुमचे सात झालेत, आता काढलाच पाहिजे. हाडात संसर्ग असेल तर अँटिबायोटिक सहा आठवड्यांच्या घरात जातं, नुसत्या मऊ भागाचा असेल तर एक-दोन आठवड्यांत भागतं. तुमचे दोन कोर्स फसले ते जंतू चिवट म्हणून, की हाडात संसर्ग असताना सात-सात दिवसांचे दिले म्हणून? मला दुसरी शंका जास्त येते. आणि लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे गेलं तर रक्तातल्या प्लेटलेट तपासत राहायच्या. बाबा नैराश्याच्या गोळ्या घेत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, लिनेझोलिडशी त्यांचं जमत नाही.

चौथं, जखमेच्या कडेचा जाड पांढरा घट्टा. भोवरी समजून लोक तो तसाच ठेवतात. दर आठवड्याला तो आणि तळाचा मेलेला थर ब्लेडने काढून घ्यायचा असतो. बायोफिल्म मोडायला माझ्या हातात याहून धारदार काही नाही, आणि चांदी लावायचीच असेल तर ती या खरवडण्यानंतर लगेच, थर पुन्हा विणला जायच्या आत.

साखरेबद्दल वेगळं सांगत नाही, ते तुम्हाला सगळेच सांगत असतील.

तेव्हा उद्या डॉक्टरांकडे जाताना कल्चरचा कागद घ्या, पण तो खिशात ठेवा. आधी पाय दाखवा आणि विचारा: संसर्गाची लक्षणं आहेत का, नाड्या लागतात का, हाड लागतं का, भार कसा काढायचा? या चारांची उत्तरं मिळाली की पाचवा प्रश्न चांदीचा. तोपर्यंत पट्टीचे पैसे राखून ठेवा, प्लास्टरला किंवा डॉपलरला लागतील. जखमेचा दर आठवड्याला, शेजारी मोजपट्टी धरून, एकाच उजेडात फोटो काढा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर काहीतरी निसटतंय असं समजून डॉक्टरांना पुन्हा गाठा.

आणि एक काम आत्ताच करा. बाबांची शेतातली चप्पल किंवा बूट उचला, आत हात घालून अंगठ्याच्या मागची जागा बोटांनी चाचपा आणि तळही उलटा करून बघा. मला आजवर तिथे खिळे सापडलेत, बोराच्या बिया सापडल्यात, एकदा नातवाची हरवलेली गोटी सापडली. तुम्हाला काय सापडतं ते कळवा.